नळ नेमका कुठे होता?

जुन्या घरांविषयी वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त ड्राफ्ट्समनची उत्तरं

या महिन्यातली निम्मी पत्रं एकाच गोष्टीविषयी आहेत. चाळ पाडायची ठरली आहे, त्याआधी फोटो कसे काढायचे? दिवाळी झाली की जागा रिकाम्या करायच्या असतात, तेव्हा कुठे ही आठवण होते. सगळ्यांच्या वतीने गिरगावातल्या एका ताईंचं पत्र घेतो.

प्रश्न : आमची ठाकुरद्वारची चार मजली चाळ डिसेंबरात रिकामी होतेय. शंभरीच्या पुढची आहे म्हणतात, पण नक्की साल कुणालाच सांगता येत नाही. मी फोनवर शे-दीडशे फोटो काढले. सगळ्यांत इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. चांगला कॅमेरा घेऊ का? आणि काय काय टिपून ठेवू? काका, सविस्तर सांगा.

उत्तर : ताई, कॅमेरा घेऊ नका. ते पैसे नव्या जागेच्या पडद्यांना लागतील.

आधी कलंडण्याचं बघू. तुम्ही खाली गल्लीत उभ्या राहिलात आणि चौथा मजला मावावा म्हणून फोन आभाळाकडे केलात. फोन मागे झुकला की इमारतीच्या उभ्या रेषा वर जाताजाता एकमेकींकडे ओढल्या जातात. उपाय म्हणजे समोरच्या चाळीचा दुसरा मजला गाठायचा. 'तुमच्या गॅलरीतून एक फोटो घेऊ का?' असं विचारलं तर गिरगावात अजून कुणी नाही म्हणत नाही, फक्त चहा घ्यावा लागतो. तिथून फोन भिंतीला समांतर, अगदी उभा धरा. सेटिंगमध्ये चौकटीच्या रेषा चालू करता येतात, त्यातली उभी रेष चाळीच्या कोपऱ्याला लावा. एका फोटोत सगळं मावत नसेल तर तीन-चार तुकडे घ्या, पण ते ०.५चं वाइड बटण दाबू नका. त्यात कडेच्या खिडक्या ताणल्या जातात आणि चाळ फुगलेली दिसते.

उजेड म्हणाल तर आपल्या गल्ल्यांत ऊन खाली उतरतं दुपारी बाराला, आणि ते असतं करकरीत. अर्धी भिंत पांढरी, अर्धी काळी. दर्शनी बाजूसाठी ढगाळ दिवस पकडा. उलट लाकडावरचं कोरीव काम किंवा दगडावरची झिजलेली अक्षरं टिपायची असतील तर तिरपा उजेड हवा. ऊन नसेल तर कुणाला तरी शेजारून टॉर्च आडवी धरायला सांगा. समोरून जे साल वाचता येत नाही ते आडव्या टॉर्चमध्ये उठून दिसतं.

आता काय टिपायचं. इथे मला माझी फजिती सांगितली पाहिजे.

आमची चाळ २००३ साली पाडली. माझ्याकडे तेव्हा रोलचा कॅमेरा होता. दोन रोल, म्हणजे बहात्तर फोटो काढले मी. दर्शनी भाग, गॅलरीचे ओतीव लोखंडाचे ब्रॅकेट, गणपतीचा मखर बसायचा तो चौक, संध्याकाळच्या उन्हातला कठडा. फार सुंदर फोटो. दहा वर्षांनी पुतण्याने आठवणीतून तिसऱ्या मजल्याचा नकाशा काढायला घेतला आणि मला फोन केला, 'काका, नळ नेमका कुठे होता?' पहाटे चारला बादली लावून ज्या नळासमोर मी आयुष्याची वीस वर्षं उभा राहिलो तो नळ. मी म्हटलं जिन्याच्या डावीकडे. मोठा भाऊ म्हणतो उजवीकडे, संडासाला लागून. बहात्तर फोटो चाळले, एकातही नळ नाही. तो कुणाला फोटो काढण्यासारखा वाटलाच नव्हता. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या मजल्यावरचा नळ दाखवता येईना. आम्ही दोघं भाऊ अजून त्यावर भांडतो.

तर ताई, दर्शनी भाग तुम्ही सोडून आणखी पन्नास जणांनी काढलाय. तुम्ही नळ काढा. मोरी काढा, तिचा उंबरा काढा. पोटमाळ्याची शिडी आणि ती जिथे टेकून टेकून भिंतीला खळगा पडलाय ती जागा. दाराची कडी आणि कोयंडा, आतला आडणा असेल तर तो. लाकडी पट्टीतून गेलेली जुनी वायर आणि काळी गोल बटणं. जिन्याची पायरी मधोमध झिजून होडीसारखी झालेली असते, ती वरून काढली तर काहीच कळत नाही. जिन्यावर खाली बसा, डोळा पायरीच्या पातळीला आणा आणि फळीवर एक सरळ फूटपट्टी आडवी ठेवा. पट्टी आणि लाकूड यांच्यामधली फट दिसेल. आमच्याकडे पहिल्या मजल्याच्या पायऱ्या चौथ्यापेक्षा कितीतरी जास्त झिजलेल्या होत्या. कारण उघड आहे, पण फोटोत पट्टी असल्याशिवाय ते कुणाला पटवता येत नाही.

प्रत्येक फोटोत माप असू द्या. शिंप्याची टेप चालेल. खोलीत शिरलात की आधी कागदावर मजला, खोली नंबर आणि तारीख लिहून त्या कागदाचा फोटो घ्या, मग दारापासून उजव्या हाताने फिरत चारी भिंती, शेवटी छत आणि जमीन. छताचे फोटो लोक काढतच नाहीत. तुळया कुठून कुठे जातात, त्यावर फळ्या आहेत की लाद्या, हे छतच सांगतं. चौकोनी वहीच्या कागदावर एका मजल्याचा कच्चा नकाशा काढा, मापं फुटात लिहा, वाकडा आला तरी हरकत नाही.

सालाचा शोध घ्यायचा तर त्यासाठी इमारत पाडताना हजर राहिलेलं बरं. मंगलोरी कौल उलटं केलं की कारखान्याचं नाव सापडतं. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ साली, म्हणजे ते कौल असलं तर छप्पर त्याआधीचं नाही. लोखंडी गर्डरच्या पोटावर तो बनवणाऱ्या कंपनीचं नाव उठावाने असतं, बऱ्याचदा विलायतेचं. नक्षीच्या लादीच्या पाठीवरही छाप असतो. भारत फ्लोअरिंग्जचा निघाला तर ती लादी १९२२च्या नंतरची, कारण कंपनीच तेव्हाची. अर्थात यातून त्या त्या वस्तूचं वय कळतं, चाळीचं नाही. छपरं बदलतात, लाद्याही बदलतात. म्हणून कागद बघा. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे उपकराच्या इमारतींचे, म्हणजे ज्यांच्याकडून दुरुस्तीसाठी उपकर घेतात त्या जुन्या इमारतींचे गट आहेत, आणि १ सप्टेंबर १९४०च्या आधी बांधलेली असेल तर ती 'अ' गटात असते. भाड्याच्या जुन्या पावत्या कुणाच्या तरी ट्रंकेत असतातच, त्यांचेही फोटो घ्या. आणि सी. एस. नंबर, म्हणजे सरकारी मोजणीत जमिनीच्या तुकड्याला दिलेला नंबर, लिहून ठेवा. चाळीचं नाव जाईल, टॉवरला काहीतरी हाइट्स नाव येईल, गल्लीलाही नवं नाव मिळेल, पण जमिनीच्या त्या नंबरावरून पन्नास वर्षांनीही जागा सापडेल.

शेवटचं, माणसं. पोज देऊन उभी केलेली नकोत. तळमजल्यावरचे आजोबा रोज जिथे पेपर वाचायला बसतात तिथेच बसू दे त्यांना. फोटोखाली नावं लिहा, पूर्ण नावं. 'बंड्याची आई' असं लिहिलंत तर तुमच्या नातीला काय कळणार?

फोटो नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर ते बारीक होतात आणि मोठे करून बघितले की कोयंड्याचा चिखल होतो. एक प्रत घराबाहेर ठेवा, बहिणीकडे वगैरे.

प्रश्न : दादरला आमचं वडिलोपार्जित घर हेरिटेज यादीत आहे असं कळलं. वडील म्हणतात, आता खिळा ठोकायलाही परवानगी लागणार आणि घर विकताही येणार नाही. खरं का?

उत्तर : वडिलांना सांगा, खिळा ठोका. कॅलेंडर लावा.

मुंबईत वारसा नियमावली १९९५ साली आली. शहरातल्या साध्या राहत्या घरांना, गल्ल्यांना संरक्षण देणारी अशी नियमावली देशात दुसऱ्या कुठल्या शहराने तोवर केली नव्हती. त्यात तीन श्रेणी आहेत आणि सगळा घोळ त्या न समजल्यामुळे होतो. पहिली श्रेणी म्हणजे व्हीटी स्टेशन (आताचं सीएसएमटी), राजाबाई टॉवर. तिथे आत-बाहेर कशालाच हात लावायचा नाही, मजबुतीसाठी अगदी लागेल तेवढंच. दुसरीचे दोन पोटभाग आहेत, त्यात बाहेरचं रूप राखून आत बदल करता येतात. तिसरी श्रेणी ही बहुतेक घरांची, वाड्यांची. गिरगावातली खोताची वाडी तिच्यातच येते. तिसऱ्या श्रेणीत आत-बाहेर बदल चालतात, त्याच आवारात वाढीव बांधकामही मिळू शकतं, फक्त परिसराचा तोल बिघडू नये एवढी अट. तेव्हा आधी श्रेणी कोणती ते पालिकेच्या यादीत बघा. विक्रीला यादीची आडकाठी नाही. काय बांधता येईल याला आहे, आणि गिऱ्हाईक भाव पाडून मागतं ते त्यामुळे.

वडिलांची भीती अगदीच खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. यादीत नाव आलं म्हणजे दुरुस्तीचे पैसे आले असं होत नाही. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, चाळीस रुपये भाड्यात मालक छपराची कौलं कशी बदलणार आणि दुसऱ्याच्या मालकीच्या छपरावर भाडेकरू का खर्च करणार, या पेचात अर्धी मुंबई खिळखिळी झाली. काळ्या घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन बघा, पूर्वीचं वॉटसन हॉटेल. १८६०च्या दशकात ओतीव लोखंडाचा सांगाडा विलायतेहून सुटा करून आणला आणि इथे जोडला. ७ जुलै १८९६ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईने पहिल्यांदा पाहिली ती तिथे. यादीत आहे, सगळ्यांना कौतुक आहे, आणि २००५ साली तिच्या गॅलऱ्यांचा भाग रस्त्यावर कोसळला. तुमच्या घराला यादीपेक्षा दर पावसाळ्याआधी पन्हळ साफ करणारा माणूस जास्त जपेल.

प्रश्न : माझगावच्या आमच्या बंगलीच्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते. कंत्राटदार म्हणतो, जुना गिलावा काढून सिमेंटचा करू, वर वॉटरप्रूफ रंग मारू, वीस वर्षं बघायला नको. करू का?

उत्तर : नका करू. या एका बाबतीत मी हट्टी आहे.

तुमची भिंत विटा आणि चुन्याची आहे. चुना पाणी पितो आणि उन्हं पडली की सोडतो. पावसाळ्यात ओलसर, मार्गशीर्षापर्यंत कोरडी, हा तिचा वार्षिक दिनक्रम आहे. वरून सिमेंट थापलंत की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट उरत नाही. ते आत फिरतं, विटांतला क्षार घेऊन पृष्ठभागाकडे येतं, लोणा धरतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटचा पापुद्रा विटेचा पुढचा भाग घेऊनच खाली येतो. बोट घातलं तर मागची वीट भुशासारखी गळते. चुन्याचा गिलावा पडला तर गिलावा नवा करता येतो. वीट गेली तर भिंत गेली. भिंतीत शिरलेली तुळईची टोकंही त्याच ओलीत कुजतात, आणि ते वरून दिसत नाही.

आधी ओल येते कुठून ते शोधा. दहातल्या आठ वेळा तुंबलेली पन्हळ, फुटलेला कास्टचा पाइप नाहीतर भिंतीच्या पायथ्याशी नव्याने घातलेली फरशी, हेच निघतं. रस्ता उंचावलाय का तेही बघा. डांबरावर डांबर घालून मुंबईतले रस्ते जोत्याच्या वर गेलेत. मग चुन्याचं काम येणारा गवंडी शोधा. चुना आधी भिजवून मुरवावा लागतो, जुने गवंडी त्यात गूळ, हिरडा, मेथीचं पाणी घालत. खर्च जास्त येईल आणि वेळही. कंत्राटदार नाक मुरडेल, मुरडू दे.

'वॉटरप्रूफ रंग' या शब्दाने मला उगाच फ्लोरा फाउंटन आठवतं. १८६४चं ते कारंजं इंग्लंडमधल्या पोर्टलंडच्या दगडाचं, आणि त्यावर तैलरंगाचे थरावर थर चढवून ठेवले होते. अलीकडे डागडुजी झाली तेव्हा आधी ते खरवडावे लागले. मग कुठे लोकांना कळलं की आत दगड आहे.

प्रश्न : मी बी. कॉम.ला आहे. फोर्टमध्ये फुटपाथवरून एका जुन्या इमारतीचा फोटो घेताना वॉचमनने फोन हिसकावायचा प्रयत्न केला. म्हणाला, बिल्डिंगचा कॉपीराइट आहे. असतो का?

उत्तर : वॉचमनची गंमत वाटली. नाही, बाळा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात इमारतीचा फोटो काढणं हे उल्लंघन नव्हे असं स्पष्ट आहे, सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या शिल्पांचंही तसंच. पण दाराच्या आत गेलास की मालकाची मर्जी. नौदलाच्या, संरक्षणाच्या भिंतींकडे फोन वळवूच नकोस, आणि ड्रोनचं तर नावही काढू नकोस, मुंबईत त्याला परवानग्या लागतात. वॉचमनशी कलमं बोलू नयेत. 'मामा, चहा घेणार?' हे कलम जास्त चालतं.

आणि नाउमेद होऊ नकोस. या शहरात १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तेव्हा काचेच्या प्लेटा आणि रसायनं घेऊन फोटो काढत होते. त्यांना किती जणांनी हटकलं असेल!

दुरुस्ती. गेल्या अंकात मी व्हीटी १८८७ला बांधून झालं असं लिहिलं. परळच्या एका निवृत्त शिक्षिकेने कान धरला. काम सुरू झालं १८७८ला, १८८७ हे व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीला तिचं नाव दिल्याचं साल, बांधकाम पुरं झालं १८८८ला. बाई बरोबर आहेत.

प्रश्न : डोंबिवलीला राहते, वय ७४. माझ्या डोहाळजेवणाचा एक फोटो आहे, लालबागच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत काढलेला. काचेला चिकटलाय. मुलगा म्हणतो, त्यात तू सोडून नुसती गर्दी आहे, तुझा चेहरा कापून मोठा करून आणतो. करू का? आणि काचेपासून सोडवू कसा?

उत्तर : आजी, सोडवू नका. ओलं करून, सुरी घालून, वाफ देऊन, कशानेही नाही. चिकटलेल्या जागी चित्राचा थर काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. काचेसकटच स्कॅन करून घ्या, फोटो छोटा असेल तर निदान ६०० डीपीआयला. फ्रेमच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का किंवा कुणाच्या हातची तारीख असेल, तीही स्कॅन करा.

तुम्ही पत्रासोबत मोबाइलवर काढलेली जी प्रत पाठवलीत ती मी भिंग लावून पाहिली. तुम्ही हिरव्या साडीत मध्ये, फुलांच्या वाडीत. छानच. पण तुमच्या उजव्या खांद्यामागे कठडा दिसतोय, आणि तो लाकडी आहे. कातीव गज, मधे एक गज मोडलेला, तिथे सुतळी बांधलीय. त्या भागातल्या चाळींचे मी पाहिलेले कठडे लोखंडी जाळीचे होते. तुमच्याकडे लोखंड नंतर आलं असावं, आणि आधी काय होतं ते त्या सुतळीच्या गाठीपाशी दिसतंय. डावीकडे कडेला भिंतीवर एक मीटर आहे, त्याखाली पाटी, स्कॅन नीट झालं तर नंबर वाचता येईल. आणि अगदी कोपऱ्यात चड्डीतला एक मुलगा हातात बादली घेऊन कॅमेऱ्याकडे बघतोय.

मुलाला सांगा, चेहरा हवा तेवढा मोठा करून आण, पण तो दुसऱ्या प्रतीतून. मूळ स्कॅन कापायचा नाही. आणि त्या बादलीवाल्या मुलाचं नाव आठवतंय का? आठवत असेल तर आजच मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, आणि तो पाणी भरायला कुठल्या बाजूला निघाला होता तेही.